पानांच्या रंगांचा उलगडा करणारे विलश्टेटर

सावलीत हिरवेगार असणारे जेड किंवा एचेव्हेरियाचे रोप थंडीच्या दिवसांत उन्हाच्या कठड्यावर ठेवले, की काही आठवड्यांत पानांच्या कडा लालबुंद होतात. तेच रोप पुन्हा घरात आणले, की लाली हळूहळू ओसरते. हा हिरवा आणि हा लाल रंग नेमका कोणत्या पदार्थांचा, याचा रासायनिक उलगडा प्रामुख्याने केला तो रिखार्ड विलश्टेटर यांनी.

जर्मनीतील कार्ल्सरूह येथे १३ ऑगस्ट १८७२ रोजी एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. म्युनिकमध्ये आडोल्फ फॉन बायर यांच्या हाताखाली ते तयार झाले. ज्यू माणसाला प्राध्यापकपद मिळणे तेव्हा अवघड होते. धर्म बदलला तर वाट मोकळी होईल, असे बायर यांनी सुचवले. ते त्यांनी मानले नाही.

१९०५ मध्ये ते झुरिचला गेले आणि हरितद्रव्याच्या मागे लागले. त्यासाठी त्यांनी नेटल या खाजऱ्या झुडपाची वाळलेली पाने मोठ्या प्रमाणावर वापरली. दोनशेहून अधिक वनस्पती तपासल्यावर दिसले, की सगळ्यांचे हरितद्रव्य एकच आहे. ते दोन प्रकारांचे मिश्रण असते आणि त्याच्या रेणूत मॅग्नेशियम असते. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये जी जागा लोहाची, ती इथे मॅग्नेशियमची.

१९१२ मध्ये बर्लिनजवळच्या डालेम येथील नव्या संस्थेत आल्यावर त्यांनी लाल-निळ्या रंगांकडे, म्हणजे अँथोसायनिनांकडे, मोर्चा वळवला. संशोधनासाठी त्यांनी चक्क फुलांची शेती केली. निळे कॉर्नफ्लॉवर आणि लाल गुलाब यांच्यात एकच रंगद्रव्य आहे, हे त्यांनी दाखवले. फरक आम्ल-अल्कलीचा, असे त्यांचे मत होते. ते अपुरे ठरले. कॉर्नफ्लॉवरच्या निळाईत लोह आणि मॅग्नेशियमचाही हात असतो, हे पुढे कळले.

कठड्यावरच्या जेडची लाली याच अँथोसायनिनांची. प्रखर उन्हात पान जेवढा प्रकाश शोषते, तेवढा ते वापरू शकत नाही. त्यात थंडी असली, की पानातल्या प्रक्रिया मंदावतात, वाढ थांबते आणि साखर साठत जाते. उरलेल्या प्रकाशाने पेशींना इजा होऊ शकते. तेव्हा पान त्या साखरेला जोडून अँथोसायनिन तयार करते. ते वरच्या पेशींमध्ये गॉगलसारखे काम करते. सावलीत ही गरज उरत नाही, म्हणून लाली जाते. रोप आजारी पडले, असे समजून खत-पाण्याचा मारा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. अर्थात सगळ्या मांसल वनस्पतींचे रंगद्रव्य हेच नसते. चिनी गुलाब आणि निवडुंग यांची लाली बीटाच्या रंगाच्या कुळातली असते.

महायुद्धामुळे फुलांचे काम अर्धवट राहिले. १९१५ हे वर्ष त्यांच्यासाठी विचित्र ठरले. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील कामासाठी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले आणि त्याच वर्षी मुलगा लुडविग मधुमेहाने गेला. पत्नी १९०८ मध्येच वारली होती. इन्सुलिनचा उपचार सुरू व्हायला अजून सात वर्षे होती. युद्धात त्यांनी विषारी वायू बनवण्याऐवजी त्यापासून बचाव करणाऱ्या मुखवट्याची गाळणी तयार केली.

१९१६ मध्ये ते म्युनिकला बायर यांच्या जागी आले. मात्र १९२४ मध्ये एका योग्य ज्यू उमेदवाराची नेमणूक विद्यापीठाने नाकारली, तेव्हा विलश्टेटर यांनी राजीनामा दिला. तेव्हा त्यांनी नुकतीच पन्नाशी ओलांडली होती. इतरांनी बोलावूनही त्यांनी नवे पद घेतले नाही. पुढची अनेक वर्षे ते सहकारी मार्गारेट रोडेवाल्ड यांच्याकडून प्रयोगांचे निकाल टेलिफोनवर ऐकत आणि टेलिफोनवरच पुढचे प्रयोग सांगत.

१९३८ च्या नोव्हेंबरमध्ये गेस्टापो घरी आले. बोडन सरोवरातून होडीने पळण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. अखेर जुने विद्यार्थी आणि हरितद्रव्यावरील ग्रंथाचे सहलेखक आर्थर श्टोल यांच्या मदतीने १९३९ मध्ये ते स्वित्झर्लंडला पोहोचले. लोकार्नोजवळ मुराल्तो येथे ३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. तिथे लिहिलेले त्यांचे आत्मचरित्र सात वर्षांनी श्टोल यांनी प्रसिद्ध केले.