मुळांचा मित्र शोधणारा शास्त्रज्ञ : आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक



बुरशी म्हटलं की मुलांना काय आठवतं? शिळी भाकरी, ओलसर भिंत, नासलेलं लोणचं. पाठ्यपुस्तकातही बुरशी बहुतेक वेळा रोगाच्याच प्रकरणात भेटते. पण झाडांच्या मुळांवर राहणारी एक बुरशी झाडाला मारत नाही, उलट जगवते. हे जगाला पटवून देण्यासाठी ज्यांनी अनेक वर्षे वाद घातला, त्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाची ओळख आज करून घेऊया.

जन्म आणि शिक्षण

आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांचा जन्म 17 जानेवारी 1839 रोजी जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात झाला. लाइपझिग विद्यापीठात त्यांनी शिक्षण घेतलं आणि पुढे तिथेच काम केलं. विद्यापीठाच्या वाळवून ठेवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची देखभाल त्यांच्याकडे होती. दगडफुलाचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं, की त्यात बुरशी आणि शेवाळ एकत्र नांदतात. अशा एकत्र राहण्यासाठी त्यांनी 1877 मध्ये एक शब्द वापरला. त्याचा अर्थ आपण आज ‘सहजीवन’ असा शिकवतो. पुढच्याच वर्षी डी बारी यांनी त्याच अर्थाचा शब्द भाषणात मांडला आणि श्रेय बहुतेक त्यांच्याकडेच गेलं!

सरकारी काम आणि अनपेक्षित शोध

1881 मध्ये फ्रांक बर्लिनच्या कृषी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तिथे त्यांच्याकडे प्रशिया राज्याच्या कृषी व वनखात्याचं एक काम आलं. ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी, फार महागडी अळंबी. तिची लागवड आपल्या राज्यात करता येईल का, हे त्यांनी शोधायचं होतं.

ट्रफल ओक, बीच, हेझल अशा झाडांखाली मिळते. म्हणून फ्रांक यांनी त्या झाडांची मुळं तपासायला घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसलं, की मुळांच्या बारीक टोकांवर बुरशीच्या तंतूंचं दाट आवरण आहे, अगदी हातमोजा घातल्यासारखं. एखाद्या रोगट झाडावर असं दिसलं असतं तर नवल नव्हतं. पण ठिकठिकाणच्या, चांगल्या वाढलेल्या झाडांवरही तेच! बुरशी रोग करत असेल, तर झाडं निरोगी कशी?

ट्रफलच्या लागवडीचा प्रश्न काही त्यांच्याकडून सुटला नाही. पण 1885 मध्ये त्यांनी या जोडीला नाव दिलं : मायकोरायझा. ग्रीक भाषेत ‘मायकेस’ म्हणजे बुरशी आणि ‘रायझा’ म्हणजे मूळ. झाड बुरशीला साखर पुरवतं आणि बुरशी झाडाला मातीतलं पाणी व अन्नद्रव्यं आणून देते, असा हा व्यवहार. 1887 मध्ये त्यांनी याचे दोन प्रकारही सांगितले. एकात बुरशी मुळावर बाहेरून आवरण करते, दुसऱ्यात ती मुळाच्या पेशींत शिरून राहते.

विरोध आणि कुंड्यांचा प्रयोग

हे सहज कोणी मान्य केलं नाही बरं का. रॉबर्ट हार्टिग यांच्यासारखे नामवंत वनशास्त्रज्ञ विरोधात होते. बुरशी म्हणजे बांडगुळासारखी परजीवी, अशीच समजूत होती.

फ्रांक यांनी प्रयोग केला. काही कुंड्यांत जंगलातली माती तशीच भरली. काही कुंड्यांत तीच माती तापवून, बुरशी मारून भरली. दोन्हींत पाइनची रोपं वाढवली. बुरशी असलेल्या मातीतली रोपं जोमाने वाढली, तर बुरशी नसलेल्या मातीतली मागे पडली. 27 सप्टेंबर 1900 रोजी बर्लिनमध्ये त्यांचं निधन झालं, तरी वाद चालूच होता.

रोपवाटिकेने दिलेला कौल

उत्तर मिळालं ते रोपवाटिकांत. जिथे पाइन मुळात नव्हतेच, अशा देशांत त्याची रोपं पिवळी पडून खुरटत. 1920 च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात वाढत्या पाइनखालची माती रोपवाटिकेत मिसळल्यावर रोपं सुधारली. प्वेर्तो रिको बेटावर तर पाइन लावण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे फसत होते. 1955 मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाहून पाइनखालची माती आणून रोपांच्या मुळांशी घातली आणि ती वाढू लागली. खत नव्हे, मातीतला जोडीदार कमी होता!

पुढे रोगजंतू सोबत येऊ नयेत म्हणून माती आणण्याऐवजी निवडक बुरशी वेगळी वाढवून रोपांना देण्याची पद्धत आली. आपले शेतकरी कडधान्याच्या बियाण्याला रायझोबियम चोळतात, तसंच हे. आपल्याकडच्या साग, आंबा यांच्या मुळांत फ्रांक यांनी सांगितलेला दुसरा, आत शिरणारा प्रकार असतो. मात्र ही जादू नव्हे. स्फुरदाचं खत भरपूर दिलं, तर झाडाला या मित्राची गरजच उरत नाही आणि जोडी नीट जमत नाही.

वर्गात काय करता येईल?

रोपांच्या पिशव्या भरताना निम्म्या पिशव्यांत त्याच जातीच्या निरोगी जुन्या झाडाखालची मूठभर माती घाला. उरलेल्यांत तीच माती चांगली तापवून, थंड करून घाला. बाकी ऊन, पाणी, बी सारखंच ठेवा. दर आठवड्याला मुलांना उंची मोजून वहीत लिहू द्या. फरक दिसो वा न दिसो, जे दिसेल तेच लिहायचं. फ्रांक यांनी वाद तोंडाने कमी आणि कुंड्यांनी जास्त घातला. मुलांना त्यांच्याकडून एवढं जरी घेता आलं, तरी पाठ सार्थकी लागला म्हणायचा.