रुग्णसेविका सावित्रीबाई



आपण देव्हाऱ्यातले देव विसर्जित केले, नवस-सायास सोडले, त्रिशरण-पंचशील ग्रहण केले. परंतु वस्तीत कुणाला क्षय किंवा कुष्ठरोग झाला की त्याचे ताट अजूनही वेगळे होते, त्याच्या दाराकडे कुणी फिरकत नाही. ज्यांना जगाने शतकानुशतके दूर लोटले, त्यांनीच आपल्या माणसाला दूर लोटावे काय? म्हणून आज सावित्रीबाई फुले यांची आठवण करावयाची.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४८ साली पुण्यात जोतिरावांनी मुलींची शाळा काढली, तेथे त्यांनी शिकविले, हे तुम्ही जाणता. परंतु त्यांचे घर म्हणजे निराधारांचा आसराही होता. १८६३ साली या दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या विधवा तेथे येत. त्यांची बाळंतपणे सावित्रीबाई करीत. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधकांनी अन्नछत्रे चालविली, तेव्हाही त्या भुकेल्यांसाठी झटल्या.

१८९० साली जोतिराव गेले. बाई थांबल्या नाहीत. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. रोग्याजवळ जाण्यास सख्खे नातलगही भीत. तेव्हा पुण्याजवळ ससाणे यांच्या माळावर यशवंताचा दवाखाना सुरू झाला आणि सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई स्वतः रोगी आणू लागल्या. मुंढवा गावाबाहेरच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळले. बाई तेथे गेल्या, त्या पोराला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात पोहोचविले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या बौद्ध नव्हत्या, सत्यशोधक होत्या. परंतु विनयपिटकातील प्रसंग आठवा. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. कुणी त्याची विचारपूस करीत नव्हते. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले; आणि ज्याला तथागतांची सेवा करावयाची असेल त्याने रुग्णाची सेवा करावी, असा उपदेश संघाला केला. सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या वाटेवर तेच केले.

बंधुभगिनींनो, आपल्या बाबासाहेबांनी जोतिरावांना गुरू मानले. त्या घराची ही शिकवण आहे. रविवारी विहारात वंदना झाली की दोघे-चौघे मिळून जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा अनाथ-वृद्धांच्या आश्रमात जा. ज्याला भेटायला कुणी येत नाही, त्याच्याजवळ बसा. पाणी द्या, पत्र लिहून द्या, अंथरूण झटका. डॉक्टर सांगतील ती काळजी जरूर घ्या. पण घृणा बाळगू नका. अस्पृश्यता आपल्या घरातूनही गेली पाहिजे. धम्मदीक्षा तेव्हाच पूर्ण होईल.

जय भीम!