आनंदवल्लीचे दादासाहेब

नाशिक शहरांतून गंगापूरच्या रस्त्यानें पश्चिमेकडे निघालें म्हणजे गोदावरीच्या कांठीं आनंदवल्ली लागते. आज ती शहरांतच मिसळून गेली आहे, आणि तेथून रोज जाणाऱ्या-येणाऱ्या पुष्कळांस हें नांव कोणी ठेविलें तें ठाऊक नसतें. पेशवे घराण्यांतील रघुनाथराव हे पुतण्याशीं बिनसल्यावर येथें येऊन राहिले, त्यांनीं वाडा बांधिला, आणि गांवाचें जुनें नांव मागें पडून आनंदवल्ली हें नांव रूढ झालें. लोक त्यांना राघोबादादा किंवा दादासाहेब म्हणत. त्यांच्या हयातींत मराठी राज्यांत धनी आणि कारभारी यांच्यामध्यें आठ वर्षें युद्ध चाललें. दादासाहेब शूर होते याविषयीं त्यांच्या शत्रूंनाही शंका नव्हती. त्यांनीं लढाया जिंकल्या, आणि राज्य गमावलें. हें कसें घडलें तें वाचकांपुढें ठेवण्याचा येथें विचार आहे.

थोरले बाजीराव व काशीबाई यांचे हे चिरंजीव १७३४ च्या ऑगस्ट महिन्यांत जन्मले. वडील वारले तेव्हां ते पांच वर्षांचे होते. पेशवाई थोरले बंधु नानासाहेब यांच्याकडे गेली, आणि दादांच्या वांट्यास घोडा व तरवार आली. वयाच्या विशींत ते उत्तरेच्या मोहिमांवर जाऊं लागले. १७५८ च्या एप्रिलांत त्यांनीं लाहोर घेतलें. फौजेच्या तुकड्या पुढें अटकेपर्यंत पोहोंचल्या. अटकेपार झेंडे लावण्याची जी म्हण आपण अजून बोलतों ती या स्वारीची. पण ही स्वारी खजिना भरून परतली नाहीं, कर्ज घेऊन परतली. जिंकलेला मुलूख राखण्यास लागणारी शिबंदी, वसूल, हिशेब यांत दादांचें मन कधींच रमलें नाहीं, आणि हा दोष पुढें जन्मभर त्यांच्यामागें सावलीसारखा राहिला.

१७६१ च्या जानेवारींत पानिपत झालें, जूनमध्यें नानासाहेब वारले, आणि सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. चुलते म्हणून कारभार दादांच्या हातीं आला. पुतण्या हुशार निघाला व स्वतः कारभार पाहूं लागला, तेव्हां दादांस तें सोसलें नाहीं. त्यांनीं निजामाशीं संधान बांधिलें, आणि १७६२ च्या नोव्हेंबरांत घोडनदीच्या कांठीं व आळेगांवास चुलत्या-पुतण्यांच्या फौजा लढल्या. घर फुटलें म्हणजे शेजारी आंत शिरतो हें माधवरावांनीं ओळखलें, आणि ते आपण होऊन चुलत्याच्या छावणींत जाऊन स्वाधीन झाले. पुढच्याच वर्षीं, १० ऑगस्ट १७६३ रोजीं, राक्षसभुवनाजवळ गोदावरीच्या कांठीं त्याच निजामाशीं लढतांना दादा संकटांत सांपडले, आणि माधवरावांनीं धांवून जाऊन त्यांस सोडविलें.

तरीही दादा राज्याचा अर्धा वांटा मागूं लागले. आपल्या खेड्यांत भाऊबंद शेताच्या मधोमध बांध घालून वेगळे होतात, आणि कांहीं वर्षांनीं दोघांच्याही कणग्या रिकाम्या पडतात. हें ज्यानें पाहिलें आहे त्यास दादांच्या मागणीचा अर्थ समजावून सांगावयास नको. १७६७ त माधवरावांनीं स्वतः आनंदवल्लीस येऊन समेट केला, दादांच्या कर्जाची सोय लावून दिली. पण राज्यास बांध घालूं दिला नाहीं.

अखेर १७६८ त दादांनीं उघड बंड मांडिलें. होळकरांचे दिवाण गंगोबा तात्या त्यांस मिळाले, दमाजी गायकवाडांनीं मुलाबरोबर फौज पाठविली, मुंबईकर इंग्रजांचा वकीलही नाशिकास येऊन भेटून गेला होता. फौज जमली ती आपल्याच जिल्ह्यांतील धोडपच्या किल्ल्यापाशीं. चांदवडच्या बाजूनें जाणाऱ्या प्रवाशास या किल्ल्याच्या माथ्यावरील कातळाची उंच भिंत आणि तिला मध्येंच पडलेली खाच दुरून दिसते. जागा बळकट खरी. पण ठिकठिकाणचे मित्र येऊन मिळेपर्यंत वेळ हवा होता, आणि माधवरावांनीं तोच मिळूं दिला नाहीं. पावसाळा तोंडावर आला असतां पेशवे झपाट्यानें चालून आले, आणि १० जून १७६८ रोजीं त्यांनीं दादांच्या छावणीवर घाला घातला. फौज मोडली, दादा किल्ल्यांत शिरले, आणि तेथून त्यांस स्वाधीन व्हावें लागलें. शनिवारवाड्यांत ते नजरकैदेंत पडले.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजीं माधवराव थेऊरास क्षयानें वारले. जातांना त्यांनीं चुलत्याशीं समेट करून धाकटे भाऊ नारायणराव यांस त्यांच्या पदरीं घातलें. नारायणराव सतरा वर्षांचे व उतावळे. थोड्याच महिन्यांत दादा पुन्हां कोंडले गेले. पुढें जें झालें तें महाराष्ट्रांत लहान मुलांसही ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ चा दिवस, गणपतीचा उत्सव चाललेला. थकलेला पगार मागत गारदी वाड्यांत शिरले. नारायणराव धांवत चुलत्याकडे गेले व त्यांस मिठी मारून राहिले. पण तेथेंच त्यांचा वध झाला. पकडण्याच्या हुकुमांतील एक अक्षर आनंदीबाईंनीं बदललें आणि धरावें याचें मारावें झालें, अशी आख्यायिका आहे. मला ती नेहमींच संशयास्पद वाटत आली आहे. पुरुषांच्या पापाचें गांठोडें बाईच्या डोक्यावर ठेवणें फार सोपें असतें. आणि ती खरी मानिली तरी गारद्यांस फितविण्याची पहिली खटपट कोणाची, हा प्रश्न राहतोच. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशी केली, दोष दादांवर ठेविला, तो त्यांच्या तोंडावर सांगितला, आणि नोकरीवर पाणी सोडून ते पुण्यांतून निघून गेले. त्या एका माणसाच्या निघून जाण्यानें दादांचें जें नुकसान झालें तें पुढें दहा हजार स्वारांनीं भरून निघालें नसतें.

दादा पेशवे झाले आणि फौज घेऊन निजाम व हैदर यांच्यावर निघाले. इकडे एकेक मुत्सद्दी कांहीं ना कांहीं निमित्त सांगून छावणींतून पुण्यास परतूं लागला. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव मामा पेठे असे हे पुरुष एकत्र झाले. यांनाच बारभाई म्हणतात.

इंग्लंडच्या इतिहासांतही असा एक प्रसंग आहे. १६४२ त राजा पहिला चार्लस आणि पार्लमेंट यांच्यांत युद्ध पेटलें, १६४५ त नेसबीच्या रणांत राजाची फौज मोडली, आणि ३० जानेवारी १६४९ रोजीं राजाचा शिरच्छेद झाला. त्या पार्लमेंटनेंही आरंभीं राजाशीं युद्ध चालविलें तें राजाच्याच नांवानें, कारण लोकांच्या तोंडून राजाचें नांव सुटत नव्हतें. बारभाईंची अडचण याहून मोठी होती. पार्लमेंटासारखा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क त्यांच्यापाशीं नव्हता. ते पेशव्यांचे चाकर, आणि पेशवे स्वतः साताऱ्याच्या छत्रपतींचे चाकर. चाकरांनीं धन्याविरुद्ध उभें राहावें तरी कोणाच्या नांवानें? तें नांव त्यांस एका विधवेच्या उदरांत सांपडलें. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. १७७४ च्या जानेवारींत बारभाईंनीं त्यांस पुरंदर किल्ल्यावर नेऊन ठेविलें आणि त्यांच्या नांवें कारभार सुरू केला. अजून न जन्मलेल्या मुलासाठीं हें युद्ध मांडलें गेलें, आणि तो मुलगाच होईल कीं नाहीं हेंही कोणास ठाऊक नव्हतें.

दादा कर्नाटकच्या वाटेवरून मागें फिरले. त्रिंबकराव मामा त्यांच्यावर चालून गेले होते. हरिपंत फडके व निजामाची फौज अद्याप येऊन मिळावयाची होती. दादांनीं ती येण्याची वाट पाहिली नाहीं. २६ मार्च १७७४ रोजीं पंढरपुराजवळ कासेगांवास त्यांनीं मामांवर एकाएकीं हल्ला केला. मामांची फौज उधळली, ते स्वतः जखमी होऊन दादांच्या हातीं लागले आणि त्या जखमांनींच वारले. पुण्यांत हाहाकार उडाला. लोक घरेंदारें सोडून पळूं लागले. जो डाव धोडपास माधवरावांनीं दादांवर टाकला, तोच येथें दादांनीं मामांवर टाकला, आणि तो साधला.

परंतु या जयानें हातीं काय आलें? खजिना पुरंदरावर, शिक्के पुरंदरावर, वसुलाच्या सनदा तेथूनच निघत. दादांच्या स्वारांस पगार द्यावा तर वाटेंतील गांवांवर खंडणी बसवावी लागे. आणि ज्या गांवच्या पाटलाकडून खंडणी घेतली तो गांव मनानें बारभाईंचा होई. त्यांतच पाठीमागून हरिपंतांची फौज येत होती. पुण्याच्या रोखें निघालेले दादा वाट बदलून बऱ्हाणपुराकडे वळले. १८ एप्रिल १७७४ रोजीं गंगाबाईंस मुलगा झाला. चाळीस दिवसांच्या त्या बाळास साताऱ्याहून पेशवाईचीं वस्त्रें आलीं. हेच सवाई माधवराव. त्या दिवसापासून दादा हे पेशवे न राहतां पेशव्यांचे बंडखोर झाले. पाळण्यांतील मुलानें कासेगांवची लढाई अशी फिरवली.

पुढील महिने पळापळीचे. गरोदर आनंदीबाईंस त्यांनीं धारच्या किल्ल्यांत ठेविलें. तेथें १७७५ च्या जानेवारींत बाजीराव जन्मले, त्या वेळीं बाप गुजरातेंत होता. फेब्रुवारींत मही नदीच्या बाजूस हरिपंतांनीं त्यांस गांठून मोडलें, आणि दादा खंबायतेवरून समुद्रमार्गें सुरतेस इंग्रजांच्या आश्रयास गेले. ६ मार्च १७७५ रोजीं सुरतेचा तह झाला. इंग्रजांनीं २,५०० माणसें द्यावीं, दादांनीं त्यांच्या खर्चाबद्दल दरमहा दीड लाख रुपये द्यावे, ६ लाखांचे दागिने तारण ठेवावे, आणि साष्टी व वसई त्यांस कायमचीं लिहून द्यावीं.

वसई दादांचे चुलते चिमाजी आप्पा यांनीं १७३९ त मोठा रक्तपात सोसून पोर्तुगिजांपासून घेतली होती. आपल्या नाशकांत नारोशंकराच्या देवळावर जी पोर्तुगीज घंटा टांगली आहे, ती त्याच विजयाची खूण म्हणून दाखवितात. जें चुलत्यानें मिळविलें तें पुतण्यानें भाड्याच्या पलटणींसाठीं दिलें. नारायणरावांच्या खुनापेक्षां हें कृत्य लहान असें कोणी म्हणतील. माझ्या मतें दुसरें पहिल्यांतूनच निघालें. ज्याच्यापाशीं स्वतःचीं माणसें राहिलीं नाहींत, त्यास परक्यांचीं विकत घ्यावीं लागतात.

१८ मे १७७५ रोजीं गुजरातेंत अडासच्या मैदानांत इंग्रज व हरिपंत यांची लढाई झाली. इंग्रजांनीं मैदान राखलें, पण बरीच हानि सोसून. मग कलकत्त्याच्या वरिष्ठांनीं सुरतेचा तह नामंजूर केला आणि १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरास दुसरा केला. दादांनीं दरमहा २५,००० रुपये घेऊन कोपरगांवास राहावें असें ठरलें. त्यांनीं तें मानिलें नाहीं.

१७७८ त बारभाईंतच फूट पडली. मोरोबा फडणीस दादांस बोलावूं लागले, आणि मुंबईकर इंग्रजांस पुणें सोपें वाटूं लागलें. नोव्हेंबरांत सुमारें ४,००० लढाऊ माणसें व १९,००० बैल असा लवाजमा दादांस मध्यें घेऊन बोरघाट चढला. एवढे बैल घेऊन फौज कशी चालणार? मराठ्यांनीं समोरासमोर लढाई दिलीच नाहीं. बाजूंनीं तोडीत, दाणा-वैरण जाळीत ते मागें सरत गेले. कार्ल्यापाशीं जानेवारी १७७९ त कप्तान स्टुअर्ट पडला. त्याच्या शौर्याबद्दल मराठ्यांनींच त्यास इष्टूर फांकडा असें नांव दिलें होतें. ९ जानेवारीस इंग्रज तळेगांवास पोहोंचले तों गांव जळालेलें. वेळ पडल्यास पुणेंही जाळावें अशी नाना व महादजी शिंदे यांची तयारी होती. ज्यांचीं घरें जळलीं त्यांचीं नांवें कोणी लिहून ठेविलीं नाहींत. दादांस मिळावयास येणारे सरदार तर कोठेंच दिसेनात. ११ च्या रात्रीं इंग्रजांनीं मोठ्या तोफा तळ्यांत ढकलल्या, सामान जाळलें व माघार घेतली. वडगांवास ते पुरते वेढले गेले, आणि तेथें त्यांस शरणागतीचा तह करावा लागला.

दादा महादजींच्या स्वाधीन झाले. त्यांस झांशीकडे पाठविलें असतां नर्मदेपाशीं पहारा चुकवून ते पुन्हां इंग्रजांकडे पळाले. युद्ध आणखी तीन वर्षें चाललें, परंतु आतां तें दादांसाठीं चाललें नव्हतें. १७ मे १७८२ रोजीं सालबाईचा तह झाला. इंग्रजांनीं साष्टी ठेवून घेतली, वसई परत दिली, आणि दादांस दरमहा २५,००० रुपये मिळून त्यांनीं आपल्या पसंतीच्या गांवीं राहावें असें ठरलें. सहा वर्षांपूर्वीं पुरंदरास जें नाकारलें तेंच आतां त्यांच्या पदरीं पडलें, आणि त्यांनीं कोपरगांवच पसंत केलें. तेथें गोदावरीच्या कांठीं ११ डिसेंबर १७८३ रोजीं, वयाच्या एकुणपन्नासाव्या वर्षीं, ते वारले. तेथील त्यांचा वाडा अजून दाखवितात.

नारायणरावांच्या मातोश्री गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापुरास दिवस कंठीत होत्या. त्या १७८८ त वारल्या. आनंदीबाई पुढें त्याच नदीच्या कांठीं, आनंदवल्लीस, नानांच्या पहाऱ्यांत राहिल्या व १७९४ त तेथेंच निवर्तल्या. दादांच्या मृत्यूनंतर कांहीं महिन्यांनीं त्यांस आणखी एक मुलगा झाला होता. त्याचें नांव चिमाजी ठेविलें होतें. थोरला मुलगा बाजीराव १७९६ त पेशवा झाला. सहा वर्षांनीं होळकरांपुढें पुणें सोडून तोही इंग्रजांकडे गेला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यांची फौज पदरीं घेण्याचा तह त्यानें केला. तो तह झाला वसईस.