राज्यांचे सभागृह आणि डॉ. आंबेडकर

१९१३ च्या जुलै महिन्यात बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले. त्याच वर्षी अमेरिकेच्या राज्यघटनेत दोन दूरगामी दुरुस्त्या झाल्या होत्या. पहिलीने मध्यवर्ती सरकारला प्राप्तिकर बसविण्याचा निर्वेध अधिकार मिळाला. दुसरीने सिनेटरांची निवड राज्यांच्या विधिमंडळांकडून काढून थेट मतदारांच्या हाती दिली. लाचलुचपतीला आणि दीर्घकाळ रिकाम्या राहणाऱ्या जागांना जनता विटली होती. ही सुधारणा लोकशाहीला पोषकच होती. तथापि मध्यवर्ती सभागृहावरील विधिमंडळांचा अंकुश तिने संपुष्टात आणला.

कोलंबिया विद्यापीठात करशास्त्राचे पंडित सेलिग्मन हे आंबेडकरांचे गुरू होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. प्रांतांची अंदाजपत्रके वेगळी दिसली, तरी त्यांना स्वतंत्र आधार नव्हता, हे त्यांनी त्यात साधार दाखविले. केंद्र आणि घटक यांचा संबंध हा अशा रीतीने त्यांच्या चिंतनाचा आरंभापासूनचा विषय होता.

पुढे ते घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. भारताने सिनेटची थेट निवडणूक स्वीकारली नाही. राज्यसभेचे बहुसंख्य सदस्य विधानसभांच्या निर्वाचित सदस्यांनी प्रमाणशीर पद्धतीने निवडावेत, असे ठरले. सर्व राज्यांना समान जागा देण्याचे तत्त्वही आपण घेतले नाही. आज उत्तर प्रदेशाच्या ३१, तर महाराष्ट्राच्या १९ जागा आहेत. धनविधेयक हे सभागृह चौदा दिवसांपलीकडे अडवू शकत नाही. मात्र राष्ट्रहितासाठी राज्यसूचीतील विषयावर संसदेने कायदा करावयाचा, तर त्याच्या दोन-तृतीयांश बहुमताचा ठराव लागतो.

या व्यवस्थेची किंमत खुद्द आंबेडकरांच्या आयुष्यातच प्रत्ययास आली. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत त्यांचा पराभव झाला. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीतही ते हरले. घटनेच्या या शिल्पकाराला संसदेत स्थान मिळाले ते मुंबई राज्याच्या विधानसभेमुळे. १९५२ पासून ६ डिसेंबर १९५६ रोजी निधन होईपर्यंत ते राज्यसभेचे सदस्य होते.

त्या काळात लातूर हे हैदराबाद राज्यातील उस्मानाबाद जिल्ह्यात होते. १९५५ साली भाषिक राज्यांविषयी लिहिताना आंबेडकरांनी उत्तर प्रदेशाचे तीन भाग सुचविले. मराठी मुलुखाच्या मांडणीतही मराठवाड्याचा समावेश असलेले मध्य महाराष्ट्र राज्य सुचविले. एका अवाढव्य घटकाचे वर्चस्व संघराज्याला पेलणार नाही, ही त्यांची चिंता होती.

ही चिंता आज वेगळ्या रूपाने उभी आहे. १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा आंबेडकर कायदामंत्री असताना झाला. राज्यसभेचा उमेदवार त्या राज्याचाच मतदार असला पाहिजे, अशी अट त्यात होती. २००३ मध्ये ती काढून टाकण्यात आली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरविला. परिणामी ज्या राज्याशी काहीच नाते नाही, त्याचे प्रतिनिधित्व पक्षश्रेष्ठींच्या मर्जीने करता येते. थेट निवडणूक हा त्यावरचा उपाय नव्हे. तशा निवडणुकीत आंबेडकरांसारखा विद्वानही दोनदा हरला. विधिमंडळांकडचा निवडीचा हक्क कायम ठेवून ती जुनी अट पुन्हा कायद्यात आणणे, हाच सरळ मार्ग होय.