तोफांचे नांगर

मुलांनो, धामणगावहून एखाद्या खेड्याकडे जाताना तुम्ही शेतात वखर चालताना पाहिला असेल. कोणाच्या गोठ्याच्या कोपऱ्यात गंजलेला जुना लोखंडी नांगरही पाहिला असेल. उर्दूत आपण ज्याला 'हल' म्हणतो, तोच हा नांगर. आता ट्रॅक्टर आले, म्हणून त्याच्याकडे कोणी फारसे बघत नाही. पण असा नांगर आपल्या देशात तयार व्हावा यासाठी एका माणसाने किती खस्ता खाल्ल्या, ते आज वाचा.

त्यांचे नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी २० जून १८६९ रोजी त्यांचा जन्म झाला. त्यांना चित्रकार व्हायचे होते. वडिलांना हे पसंत नव्हते, पण थोरल्या भावाने, रामुअण्णांनी, पाठिंबा दिला. १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे एक विचित्र गोष्ट उघडकीस आली. त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नव्हते! चित्रकाराला रंग दिसत नसतील, तर त्याने काय करावे? लक्ष्मणराव घरी परतले नाहीत. ते यंत्रांची रेखाचित्रे काढायला शिकले, कारण त्या कामाला रंग लागत नाहीत. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून दुसऱ्याला जागा मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. तेथे दोघा भावांचे सायकलींचे दुकान होते.

दुकानाबरोबर त्यांनी छोटासा कारखाना सुरू केला. 'कारखाना' आणि 'कारागीर' हे शब्द तुम्हांला नवे नाहीत. ते उर्दूत आहेत आणि मराठीतही. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर झाला.

नांगर बनवणे सोपे नव्हते. त्याचे पुष्कळ भाग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात. आधी लाकडाचा नमुना करतात. तो वाळूत दाबून साचा तयार करतात. भट्टीत सुमारे १२०० अंश सेल्सिअसला वितळलेले बीड त्या साच्यात ओततात. वाळूत ओल जास्त राहिली, तर तिची वाफ होते आणि लोखंडात पोकळ्या पडतात. सगळा दिवस वाया! नांगराचा फाळ तर आणखी कठीण. तो मऊ झाला तर लवकर झिजतो, फार कडक झाला तर दगडावर आपटून तुटतो. म्हणून असा फाळ ओतताना त्याच्या धारेजवळ लोखंडी पट्टी ठेवण्याची युक्ती करतात. पट्टीला लागलेले बीड झटकन थंड होते आणि तेवढाच भाग कठीण बनतो.

नांगर तर तयार झाले, पण ते कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल, अशी शेतकऱ्यांना भीती वाटत होती. या भीतीला हसू नका. ज्याच्याजवळ एकच शेत आहे आणि वर्षाला एकच पावसाळा आहे, तो नवी वस्तू घेताना दहा वेळा विचार करणारच. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली.

जरा कोठे विक्री होऊ लागली, तोच दुसरे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेला नवी वस्ती वसवायची होती. कारखान्याची जागा सोडण्याचा हुकूम झाला. भट्टी आणि यंत्रे घेऊन जायचे कोठे? त्या वेळी औंध संस्थानच्या राजांनी मदतीचा हात पुढे केला. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपयांचे कर्जही दिले.

जमीन कसली, माळरानच ते! जिकडे तिकडे निवडुंग आणि सापांचा सुळसुळाट. १९१० मध्ये सुमारे पंचवीस कामगार आपल्या बायकामुलांसह तेथे आले. त्यांनी निवडुंग तोडला, छपऱ्या उभ्या केल्या. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी तेथे पहारेकरी नेमले. लोकांना नवल वाटले. त्या पहारेकऱ्यांनी मात्र विश्वास राखला. वसाहतीत शिवाशीव पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा नियम होता. मला विचाराल, तर नांगरापेक्षा हे काम मोठे. ओतकाम बिघडले तर लोखंड पुन्हा वितळवता येते, माणसांच्या मनाचे तसे नसते.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशातून येणारे लोखंड मिळेनासे झाले. आता नांगरांना मागणी होती, पण भट्टीत टाकायला लोखंड नव्हते. तेव्हा कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीला आले. त्यांच्या संस्थानात जुन्या, निकामी तोफा पडून होत्या. त्या त्यांनी लक्ष्मणरावांना दिल्या. कधी काळी किल्ल्यांवर गरजलेल्या तोफा भट्टीत वितळल्या आणि नांगर होऊन शेतांत गेल्या.

पुढे कारखान्यात पंप आणि इंजिनेही तयार होऊ लागली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. आपल्या गावाच्या नावात 'रेल्वे' आहे, कारण गाव स्टेशनमुळे ओळखले जाते. तिकडे उलटे झाले. तुम्ही कधी पुण्याहून मिरजेला रेल्वेने गेलात, तर सांगलीच्या अलीकडे खिडकीतून पाहत राहा. किर्लोस्करवाडी अशी पाटी दिसेल. तेच पूर्वीचे कुंडल रोड.