वाल्टर शॉट्की
वाल्टर शॉट्की यांचा जन्म २३ जुलै १८८६ रोजी झुरिक शहरी झाला. बर्लिन येथे माक्स प्लांक यांच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले व १९१२ साली डॉक्टरेट मिळविली. पुढे ते सीमेन्सच्या प्रयोगशाळेत दाखल झाले.

त्या काळी दूरचे क्षीण संदेश मोठे करण्यासाठी निर्वात नलिका वापरीत. परंतु संदेशाबरोबर खरखरही वाढे. नलिका निर्दोष केली, तर ती पुरती जाईल काय? १९१८ साली शॉट्कींनी दाखवून दिले, की नाही! वीज ही अखंड धार नसून इलेक्ट्रॉनांचा ओघ आहे. मुलांनो, सुपातून परातीत ज्वारी ओतून पाहा. धार सलग दिसते, नाद मात्र दाण्यादाण्याचा येतो. शॉट्कींनी बंदुकीच्या छर्‍यांवरून या परिणामास नाव दिले. काडतुसांचा कारखाना असलेल्या आमच्या वरणगावास ते सहज उमगावे.

सरासरी १०० कण येत असतील, तर सुमारे १० चा चढउतार व्हायचाच. १०,००० असतील, तर १०० चा. प्रमाण घटते, पण खरखर संपत नाही.

लेसरचा प्रकाशही कणाकणांनीच टिपला जातो. ही खरखर मोजण्यासाठी किरणाचे दोन समान भाग करून दोन ग्राहकांवर पाडतात आणि त्यांच्या प्रवाहांची वजाबाकी करतात. लेसरची स्वतःची अस्थिरता त्यात कटते. उरते ती दाण्यांची खरखर. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास २०२३ साली मंजुरी मिळाली. तिच्याही वाटेत हीच खरखर उभी आहे.

शॉट्की ४ मार्च १९७६ रोजी जर्मनीतील प्रेट्झफेल्ड येथे निवर्तले.