डिस्क ब्रेकचा विसरलेला जनक

कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या एखाद्या बाइकच्या पुढच्या चाकाकडे नीट बघा. भोकं पाडलेली एक चकचकीत डिस्क दिसेल आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा कॅलिपर. ब्रेक दाबला की पॅड डिस्कला आवळतात, गाडी थांबते. आता डोळ्यांसमोर आणा १९०२ साल. रस्त्यावर टांगे, मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या वर्षी इंग्लंडमधल्या एका इंजिनिअरनं मोटारीसाठी हीच चिमटीची कल्पना पेटंट करून ठेवली होती. त्याचं नाव फ्रेडरिक लँचेस्टर. ऐकलंय कधी? बहुधा नाही. म्हणूनच आज त्याची गोष्ट.

२३ ऑक्टोबर १८६८ला लंडनजवळच्या लुईशॅममध्ये फ्रेडचा जन्म झाला. वडील आर्किटेक्ट, घरात भावंडं भरपूर. साउदॅम्प्टनला आणि मग लंडनच्या केन्सिंग्टनला शिकला, पण डिग्री काही हातात पडली नाही. पुढे बर्मिंगहॅममधल्या एका गॅस इंजिनच्या कंपनीत नोकरी मिळाली. करारात एक अट होती : इथे काम करताना जे काही शोधाल, ते कंपनीचं. फ्रेडनं ती अट सरळ खोडली आणि मग सही केली. वय जेमतेम विशीचं, आणि हा कॉन्फिडन्स! नंतर त्याच्या नावावर ढीगभर पेटंट्स लागली.

त्या काळी मोटार म्हणजे घोडा काढून इंजिन बसवलेली बग्गी. फ्रेडला हे पटत नव्हतं. १८९५-९६मध्ये त्यानं भावांच्या मदतीनं गाडी बनवली ती कोऱ्या कागदापासून. पुढच्या इंजिनात तर त्यानं उलट दिशांना फिरणारे दोन क्रँकशाफ्ट बसवले, म्हणजे एकाचा हादरा दुसऱ्यानं खाऊन टाकायचा. १८९९च्या डिसेंबरात लँचेस्टर कंपनी उभी राहिली. आपल्या मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग तिचे सुरुवातीचे गिऱ्हाईक. गाडी अनेकदा रस्त्यात बंद पडायची, तरी त्यांनी लँचेस्टर लगेच सोडली नाही.

आता ब्रेककडे येऊ. फ्रेडनं धातूची पातळ डिस्क चाकाबरोबर फिरती ठेवली आणि तिची कड पकडणारा जबडा बसवला. डिस्क उघड्यावर असल्यानं तिला वारा लागणार, ती लवकर गार होणार. कल्पना शंभर टक्के बरोबर. पण डिस्कवर घासायला काय लावायचं? आजच्या पॅडसारखं मटेरियल तेव्हा नव्हतंच. त्यानं तांबं वापरलं. धातूवर धातू घासल्यावर कान किटणार नाहीत तर काय! ब्रेक दाबला की नुसता किंचाळायचा. त्यात रस्ते कच्चे. धूळ बसून तांबं भराभर झिजायचं. पुढे चांगली लायनिंग्ज आली, पण तोवर बंद डब्यातला ड्रम ब्रेक रूढ झाला होता. फ्रेडची डिस्क अडगळीत गेली.

हे त्याच्याबाबतीत एकदाच घडलं नाही. १९०४मध्ये कंपनी पैशांअभावी अडचणीत आली आणि ती नव्यानं उभी करावी लागली. पक्ष्यांच्या आणि विमानाच्या पंखांना वर उचलणारं बल कुठून येतं, हे राइट बंधूंच्या उड्डाणाआधीच तो मांडत होता; १८९७मध्ये त्याचा पेपर नाकारला गेला. १९०७-०८मध्ये त्यानं यावर दोन जाडजूड पुस्तकं लिहिली, पण समजायला अवघड. तोच विचार पुढे जर्मनीत प्रांटलनं काटेकोर गणितात बसवला आणि जगानं मान्य केला. १९२२मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं, पैसा मात्र नाही. लाउडस्पीकरचा धंदा काढला, तोही बसला. शेवटी पार्किन्सन्सनं शरीर जखडलं, दृष्टी गेली. ८ मार्च १९४६ला बर्मिंगहॅमला त्याचं निधन झालं.

त्यानंतर सातच वर्षांनी, १९५३च्या ल मानमध्ये बाजी पलटली. २४ तासांची रेस. सहाएक किलोमीटरची सरळ पट्टी आणि तिच्या टोकाला तीव्र वळण. दर फेरीला इथे करकचून ब्रेक. ड्रम तापले की फुगतात आणि आतल्या ब्रेक शूपासून लांब जातात. ब्रेक मऊ पडत जातो. जग्वारनं त्या वर्षी आपल्या सी-टाइप गाड्यांना डनलॉपचे डिस्क ब्रेक लावले होते. आदल्या वर्षी स्टर्लिंग मॉसनं अशाच गाडीनं फ्रान्समध्ये रॅंसची रेस मारली होती. ल मानला टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जग्वार पहिली आली, सरासरी वेग ताशी साधारण १७० किलोमीटर. दुसरी गाडीही जग्वारच. दोन वर्षांत सित्रोएनच्या डीएस या रस्त्यावरच्या गाडीलाही पुढच्या चाकांना डिस्क आल्या.

तुमच्यापैकी कुणाला ट्रॅक डेला गाडी पळवायचं वेड असेल, तर या गोष्टीतून थेट कामाचं काहीतरी मिळतं. बाराशे किलोची गाडी ताशी १८०वरून थांबवताना जी उष्णता तयार होते, तिच्यात साधारण साडेचार लिटर गार पाणी उकळेल. आणि हे एका ब्रेकिंगचं. ट्रॅकवर ते दर वळणाला. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट. म्हणून लोक मोठ्या, आतून हवा खेळणाऱ्या, खाचा पाडलेल्या डिस्क बसवतात. मोठी डिस्क जास्त उष्णता पोटात घेते, हवा ती बाहेर काढते, खाचा पॅडवरचा कचरा खरवडतात. पण पॅड साधेच ठेवले, तर ते तापून पकड सोडतात. ब्रेक ऑइल जुनं असेल तर ते उकळतं आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणजे महागाची डिस्क लावूनही गाडी वळणाबाहेर! त्यामुळे आधी ताजं, जास्त तापमान सोसणारं ऑइल आणि ट्रॅकला चालतील असे पॅड. डिस्कचा नंबर त्यानंतर.

लँचेस्टर नेमका इथेच अडला होता. त्याची डिस्क बरोबर होती, तिला पॅड मिळाला नाही. तुमची एखादी भन्नाट आयडिया, प्रोजेक्ट किंवा स्टार्टअप आपटला, तर कागद लगेच फाडू नका. चूक आयडियेत आहे की तिच्यासोबत लागणाऱ्या दुसऱ्या कशात, एवढं आधी तपासा. आयडियाच चुकीची असेल तर सोडून द्या. पण नुसता पॅड कमी पडत असेल, तर तो शोधायला लागा.